सहा पट्ट्यांचं कुलूप

८ जानेवारी १९७३

गोरक्षाने पिंपरीहून त्याच्या कंपनीची डायरी पाठवली. गेल्या सालची आहे, त्यामुळे छापलेले वार जुळत नाहीत. ते खोडून लिहीन. सोबतच्या चिठ्ठीत पोरगा म्हणतो, दादा, तुम्हाला जे येतं ते यात लिहून ठेवा. स्वतःला शिकायचं नव्हतं, आता कागदाला शिकवा म्हणतो.

तरी लिहायला घेतलं, कारण उजव्या हाताची दोन बोटं बधिर होत चालली आहेत. अंगठ्याशेजारचं आणि त्याच्या पुढचं. कुलूपवाल्याची सगळी विद्या याच दोन बोटांत. जामखेडच्या डॉक्टरने सुई टोचून पाहिली, गोळ्या दिल्या आणि वय विचारलं. छप्पन म्हटल्यावर नुसती मान हलवली.

धंदा मात्र असा कधी चालला नव्हता. पाऊस नाही, विहिरी कोरड्या, टँकर तिसऱ्या दिवशी येतो, कधी येतही नाही. लोक मिळेल तेवढं पाणी पिंपात भरतात, झाकणाला कडी-कोयंडा ठोकून घेतात आणि माझ्याकडे कुलूप मागायला येतात. दहा वर्षांत विकली नसतील तेवढी कुलपं दोन महिन्यांत गेली. याचा आनंद व्हायला हवा. होत नाही, नुसतं दमायला होतं.

आमच्याही पिंपाला मी चांगलं पितळी कुलूप लावलं आहे. किल्ली माझ्या करगोट्याला. सकाळी दोन कळशा काढून छबूला देतो आणि लावून टाकतो. छबू म्हणजे आमचं कुटुंब, छबूबाई. ती गावची सुईण, निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. तिच्याकडे किल्ली दिली तर येईल त्याला तांब्या भरून देईल. स्वभावच तसा.

१२ जानेवारी

आज कुलपांची प्रतवारी लिहितो. माझं माप श्वासाचं, वडिलांनी घालून दिलेलं. किल्लीविना कुलूप उघडायला बसलं की आपले श्वास मोजायचे. घड्याळ बघायला मान वळवावी लागते आणि मान वळली की हात चुकतो.

पत्र्याचं छापील कुलूप: दोन श्वास. खरं तर तेही नकोत, दांडीवर दगड घातला की मोकळं. लोक हेच नेतात. मी प्रत्येकाला सांगतो की बाबा, या कुलपाने एवढंच कळतं की आत काहीतरी आहे. हसतात आणि नेतात.

फिरकीचं देशी कुलूप, ज्याची किल्ली स्क्रूसारखी फिरवत आत न्यावी लागते: दिसायला भारदस्त, हातात घेतलं की घरमालकाला धीर येतो. त्याच जाडीचा आटे पाडलेला खिळा मिळाला तर वीस श्वास.

आडकाठ्यांचं: आत आडव्या काठ्या असतात, त्या चुकवायला किल्लीला खाचा पाडलेल्या. चोराला सगळ्या खाचांची गरज नसते. टोकाला वाकवलेली एक बारीक तार मधून गेली की झालं. पाच श्वास.

अलिगढचं पितळी, दोन पट्ट्यांचं: पंधरा. किमतीच्या मानाने इमानी कुलूप.

खिळ्यांचं, शहरातून येतं: आत बारीक खिळ्यांची रांग, खाली-वर होणारी. चांगला हात असेल तर चाळीस श्वास. पण आमच्याकडच्या धुळीत महिन्याभरात असं जाम होतं की मालकालाही उघडत नाही. पाण्याच्या पिंपाला लावू नये.

आणि सहा पट्ट्यांचं, वडिलांच्या पद्धतीचं. त्याच्यापुढे आकडा लिहीत नाही. वडील गेल्यावर मी तसं एकच केलं, ते नमुना म्हणून घरात पडून आहे. एवढा खर्च करणारं गिऱ्हाईक आमच्या भागात नाही.

छबूने विचारलं, काय लिहिताय. कुलपांचे गुण, म्हटलं. ती म्हणाली, पाण्याला कुलूप लावायची पाळी आली, त्यात गुण कसले. बायकांशी या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

२१ जानेवारी

टँकर आला नाही. चार कुलपं गेली, चारही पत्र्याची.

२८ जानेवारी

श्रीमंत नाना दुकानात आले. गावातलं मोठं घर, पंचायतीत त्यांचा शब्द चालतो. त्यांच्या परसात, गोठ्यामागे, दोन खाटांएवढा सिमेंटचा हौद आहे. टँकरची नळी आधी त्या हौदात पडते. कारण काय, तर गाडी तिथपर्यंत नीट जाते. हौद भरला की उरलेलं गावाला. ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत तर टँकर जातच नाही, रस्ता नाही म्हणतात. तिथल्या बायका नानांच्या दाराशी घागरी घेऊन बसतात आणि गडी देईल ते घेऊन जातात.

नानांनी आता हौदाला लोखंडी झाकण बसवलं आहे. आधीची दोन कुलपं कुणीतरी दगडाने तोडली. म्हणाले, सहादेवा, कुणाच्या बापाला उघडणार नाही असं कुलूप कर, पैशाचं बघू नको. मी म्हटलं, वडिलांच्या पद्धतीचं सहा पट्ट्यांचं करतो, वीस दिवस लागतील.

ते गेल्यावर मी कितीतरी वेळ कानस नुसती हातात धरून बसलो होतो. आयुष्यभर लोकांची गंजकी कुलपं तेल घालून दिली. या वयात एक खरं काम आलं, तेही हाताची बोटं चालली असताना.

१० फेब्रुवारी

काम रेटतो आहे. गोरक्षासाठी लिहून ठेवतो: कुलपात एकावर एक सहा पितळी पट्ट्या असतात, प्रत्येकीवर स्प्रिंग. किल्ली फिरली की प्रत्येक पट्टी आपापल्या ठरल्या उंचीला उचलली जाते आणि सहाही बरोबर जागी आल्या तरच खिट्टी सरकते. एखादी कमी उचलली तरी नाही, जास्त उचलली तरी नाही. शिवाय मी प्रत्येक पट्टीला दोन खोट्या खाचा पाडल्या आहेत. तार घालणाऱ्याला वाटतं बसली जागेवर, आणि ती बसलेली नसते.

बोटांना पट्टीची धार कळत नाही. आज दोनदा जास्त घासली आणि पट्टी फुकट गेली. शेवटी छबूला हाक मारली. तिला म्हटलं, ही आणि ही, दोन्हींत फरक लागतो का बघ. तिने डोळे मिटून बोट फिरवलं आणि सांगितलं, ही केसाएवढी उंच हाय. बरोबर होतं. पोटातलं पोर आडवं की उभं हे हाताने ओळखणारी बाई, तिला पितळ काय अवघड.

१४ फेब्रुवारी

छबू पहाटेच वस्तीत गेली होती, चांगुणाच्या बाळंतपणाला. चांगुणाचा नवरा कचरू दूर पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला आहे, घरात एक म्हातारी सासू. छबू दुपारी परत आली. मुलगी झाली. सांगत होती की घरात तांब्याभर पाणी नव्हतं. शेजारच्या तीन घरांतून वाटी-वाटी मागून पोर पुसून घेतलं, धुतलं नाही.

मग म्हणाली, आपल्या पिंपातली एक कळशी द्या, नेऊन देते. मी म्हटलं, आज दिली तर उद्याही द्यावी लागेल, आपल्यालाच पुरत नाही. त्यात चुकीचं काही नव्हतं. टँकर कधी येईल कुणाला माहीत. ती उठून चुलीपाशी गेली. जेवलीही नाही. मी दोनदा सांगितलं की खाऊन घे, बाळंतपण करून आलीस.

सहावी पट्टी उद्या होईल.

१७ फेब्रुवारी

कुलूप दिलं. आमच्या घराची रीत आहे. कुलूप पाच माणसांसमोर द्यायचं, बंद करून, दोन्ही किल्ल्या वर ठेवून. आणि करणाऱ्याने बोलायचं की या दोन किल्ल्यांवाचून हे उघडलं, तर दोष माझ्या घराचा. वडील बोलायचे तेव्हा समोरचे टोपी नीट करायचे. मारुतीच्या पारावर आज मी बोललो. कोतवाल होता, नाना होते, आणखी चार-पाच माणसं. वर मी आपल्या पदरचं एक वाक्य घातलं: अख्ख्या नगर जिल्ह्यात हे उघडणारा फक्त मी. सगळे हसले. नानांनी नारळ दिला.

खरं म्हणजे आता मलाही ते उघडत नाही. घरातल्या नमुन्यावर काल प्रयत्न केला. तारेच्या टोकाशी काय चाललंय ते या बोटांना समजतच नाही. पण हे पारावर सांगायची गरज नव्हती.

२० फेब्रुवारी

आज नवल झालं. छबूने आपण होऊन विचारलं की त्या कुलपाच्या आत नक्की काय असतं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली. या बाईने माझ्या दुकानातल्या एका वस्तूबद्दल कधी चौकशी केली नव्हती.

नमुन्याचं कुलूप काढलं आणि समजावून सांगितलं. एका हाताने वाकडी तार घालून खिट्टीवर हलका ताण ठेवायचा. दुसऱ्या तारेने एकेक पट्टी चाचपायची. जी अडून बसलेली लागते ती आधी उचलायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. घाई केली की सगळ्या खाली पडतात आणि पहिल्यापासून. ती म्हणाली, बाळंतपणासारखंच हाय की. बरंच हसलो दोघे. घरात असं हसणं दिवाळीनंतर पहिल्यांदाच झालं.

२५ फेब्रुवारी

छबूने नमुना उघडला. दोनशे बारा श्वास, माझ्या मोजणीने. पाचवी पट्टी ती दर वेळी जरा जास्त उचलते आणि मग हळूच खाली सोडते, ही तिची खोड. मी ओरडलो की असं करू नको, पट्टीवर ओरखडा येतो. ती म्हणाली, येऊ द्या, उघडलं ना.

गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला. मला फार बरं वाटलं, ते इथे लिहून ठेवतो. माझी विद्या माझ्याबरोबर जाणार असं धरून चाललो होतो. ती माझ्याच घरात, चुलीपुढे बसलेली निघाली. पोरीसारखी रोज तास-तासभर कुलूप घेऊन बसते. या दुष्काळात मन रमवायला तिलाही काहीतरी हवंच असणार.

६ मार्च

ऊन कडक. गाव कामावर गेलं की दुपारी गल्लीत कुत्रंही नसतं. नानांच्या घरचे जेवून आत झोपतात, त्यांची गुरंही छावणीला गेली, गोठा मोकळा. दुकानात बसून मीही पेंगतो.

छबू अजून रोज दुपारी वस्तीत जाते, चांगुणाच्या पोरीला तेल लावायला. सुईण बारा दिवस जाते, हिचे वीस दिवस झाले. डोक्यावर शेण्यांची पाटी असते, बाळंतिणीच्या शेगडीसाठी. म्हटलं, एवढ्या शेण्या लागतात का. म्हणाली, लागत्यात. तिची मान आखडली आहे. वय झालं, दुसरं काय.

१४ मार्च

नाना सांगत होते की हौदातलं पाणी कमी होतं. मी म्हटलं, नाना, उन्हाने सुकतं. ते म्हणाले, बंद झाकणाखाली? मी म्हटलं, तर मग घरातलंच कुणी घेत असेल, कुलपाचं नाव काढू नका. ते हिशोबी माणूस. म्हणाले, आतून खडूची खूण करतो आणि तीन दिवस हौदाला हात लावत नाही.

२० मार्च

खुणेखाली पाणी बोटभर उतरलं. तीन दिवसांत बोटभर. कुलूप जागेवर, बंद, कुठे ठोकल्याची खूण नाही. दोन्ही किल्ल्या नानांच्या कमरेला.

नाना, कारभारी नावाचा त्यांचा गडी आणि कोतवाल असे तिघे दुकानात आले. नानांचा आवाज चढलेला नव्हता, त्याचीच भीती वाटली. म्हणाले, "सहादेवा, जिल्ह्यात उघडणारा तू एकटा. तूच बोलला हुतास, पाच मान्सांत. आता एक तर तू उघडलंस, न्हाईतर कुनाला तरी शिकवलंस." कारभारी म्हणाला की झाकणापासून ओढ्याच्या बाजूला थेंब पडलेले दिसले. म्हणजे वस्तीवाले. नाना म्हणाले, परवा पारावर निकाल, तोवर त्यांचं पाणी बंद.

मी म्हटलं, कुलूप माझ्याकडे द्या, आत बघून सांगतो. दिलं.

ते गेल्यावर रिबिटी, म्हणजे कवच धरून ठेवणारे ठोकळ खिळे, काढून कुलूप खोललं आणि भिंग लावून एकेक पट्टी पाहिली. तारेचे बारीक ओरखडे, ताजे. पहिलीवर थोडे, दुसरीवर थोडे. पाचव्या पट्टीवर मात्र एकाच जागी दाट, जरा जास्त वर नेऊन खाली सोडल्याचे. पुन्हा पुन्हा तेच.

दुकान लावून घेतलं आणि आत बसून राहिलो. डोकं दुखत होतं.

२१ मार्च

सकाळी चहा झाल्यावर तिच्यापुढे पाचवी पट्टी ठेवली. तिने पाहिली आणि लगेच म्हणाली, "व्हय. मीच."

मी विचारलं, किती दिवस. फेब्रुवारीच्या शेवटापासून रोज एक कळशी, शेण्यांच्या खाली ठेवून. आता तिला नव्वद श्वास पुरतात म्हणे, तिनेही मोजले होते. मला संताप आला. पस्तीस वर्षांत मी दुसऱ्याचं कुलूप मालकाच्या माघारी उघडलं नाही, वडिलांनी उघडलं नाही. आणि माझ्याच घरातून, माझ्याच विद्येने. म्हटलं, हे करायला शिकवलं होतं का मी तुला?

"बाळंतिनीच्या आंगावर दूध न्हवतं," ती म्हणाली. "पानी प्यायला न्हाई तर दूध कुठून यील? पोर रडून रडून निळं पडत हुतं. आधी तुमच्याकडं मागितलं हुतं. आपल्या पिंपाची किल्ली तुमच्या करगोट्याला."

मी म्हटलं, मग आपल्याच पिंपाचं कुलूप उघडायचं होतंस, ते तर सोपं होतं. ती म्हणाली, "तुमी रोज काडी घालून पानी मोजता. दुसऱ्या दिवशी वळखलं आसतं. नानाच्या घरी मोजत न्हवते." मग म्हणाली की उद्या पारावर ती स्वतः जाऊन सांगणार. वस्तीचं पाणी आपल्यापायी बंद झालं, ते तिला बघवत नाही.

ती सांगेल, आणि मग काय होईल ते मला दिसतंय. नाना तिला सोडतील, म्हातारी सुईण म्हणून. पण पाणी गेलं कुणाकडे, हे विचारतील. मग चांगुणा, कचरू, सगळी वस्ती. पाणी तर जाईलच, कामावरही कुणी उभं करणार नाही. माझी बोटं बधिर आहेत असं सांगून मी स्वतः सुटू शकतो, डॉक्टरचा कागद आहे. पण मग घरात दुसरं माणूस एकच.

दुपारी कुलूप शेगड्यात, म्हणजे बाकाच्या लोखंडी पकडीत, आवळून धरलं. सहातल्या चार पट्ट्या काढल्या आणि त्यांच्या जागी पत्र्याच्या चकत्या भरल्या. राहिलेल्या दोन पट्ट्यांच्या खोट्या खाचा कानशीने घासून सपाट केल्या. रिबिटी परत ठोकल्या. करायला वीस दिवस लागले होते, हे तासाभरात झालं. छबू दारात उभी राहून बघत होती. तिला कळलं मी काय करतोय. तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली.

मी रडलो. ते लिहायला लाज कसली.

२२ मार्च

पारावर सगळं गाव. एरवी कामाला जाणारेही थांबले होते. बोटभर पाण्यासाठी एवढी माणसं.

मी कुलूप बंद करून कोतवालाच्या हातात दिलं आणि म्हटलं, तुझ्या छत्रीची एक काडी मोडून घे आणि उघड. त्याला वाटलं चेष्टा. पण घातली काडी आणि फिरवली. सवयीने मी श्वास मोजले, चार झाले. दांडी टक्कन वर आली. कोतवालच घाबरला.

मग मी सांगितलं की मी लबाडी केली. सहा म्हणून दोनच पट्ट्या घातल्या. बोटं चालत नाहीत, काम जमलं नाही, पण नानांचं गिऱ्हाईक सोडवेना. हे कुलूप शाळेतलं पोरगंही उघडेल, तेव्हा कुणी उघडलं हे विचारून काही उपयोग नाही. तिथेच रिबिटी उडवून आतल्या चकत्या दाखवल्या. नानांनी त्या हातात घेतल्या आणि बाकीच्यांना दाखवल्या.

नाना म्हणाले, "तुझा बाप आसता तर हे बघून मेला आसता." मी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "तूच बोलला हुतास, दोष कुनाच्या घराचा?"

मी म्हटलं, "माझ्या घराचा, नाना."

कारभाऱ्याने पुन्हा ओढ्याकडच्या थेंबांचा विषय काढला. पण लोकांचं लक्ष माझ्यावर होतं. लबाड लव्हार, चोर लव्हार. ज्याला त्याला आपापल्या पिंपाचं कुलूप आठवत होतं. शेवटी नानाही कंटाळले आणि म्हणाले की आता हौदावर गडी बसवतो, वस्तीला आधी देत होतो तेवढं देऊ. कुलपाचे त्यांच्याकडून घेतलेले पैसे मी सकाळी बरोबर आणले होते, ते त्यांच्यापुढे ठेवले.

घरी आलो. छबूने माझ्या पायावर पाणी घातलं. एवढं पाणी पायावर घालायचे हे दिवस नाहीत, पण मी घालू दिलं.

२५ मार्च

सकाळपासून सतरा जण कुलूप परत करून गेले. त्यांतली चौदा पत्र्याची, ज्यांच्याबद्दल मी आधीच सांगितलं होतं. गोरक्षाला कुणीतरी कळवलं असणार. त्याची चिठ्ठी आली, दादा असं का केलंत. काय उत्तर लिहू. नाही लिहिलं.

४ एप्रिल

आमच्या पिंपाचं कुलूप मी काढून टाकलं. विकायला दुकानात टांगलं, पण माझ्याकडचं कुलूप आता कोण घेतो. सकाळच्या दोन कळशांपैकी एक वस्तीत जाते. छबूची मान अजून धरलेली आहे, म्हणून आज कळशी मी घेतली. ती पुढे, मी मागे. ओढा ओलांडून त्या बाजूला मी पहिल्यांदाच गेलो. माझ्या दुकानापासून पाव मैलही नाही.

चांगुणा पोरीला घेऊन दारात आली. पोर धड आहे, मूठ वळून बघत होती. कळशी उतरवून ठेवली तशी चांगुणा म्हणाली, "काका, गाव तुमाला नावं ठिवतंय. ठिवू द्या. मावशी पानी कुठून आनायची ते मला ठावं हुतं. तुमी नानाला पोकळ कुलूप दिलंत म्हनून तिला उघडलं. तुमच्या खोट्या कुलपानं माझी पोर जगली."

सासूनेही कपाळाला हात लावून मला नमस्कार केला. छबू माझ्याकडे बघत होती. मी चांगुणाला एवढंच म्हटलं की पाणी झाकून ठेव. परत येतानाही ती पुढे, मी मागे.

चांगुणाला खरं सांगायचं ओठावर आलं होतं. सांगता येणार नाही, तिलाही नाही, गोरक्षालाही नाही. म्हणून इथे लिहितो. नानांच्या कुलपात सहा पट्ट्या होत्या. सहाच्या सहा, मी हाताने घासलेल्या. त्याहून चांगलं कुलूप माझ्या हातून झालं नाही.